मनाच्या वहीची तेरीज: प्रश्नावली भरताना बेरजेच्या मागे काय बघायचं

हिशेबाच्या कामात पहिल्याच वर्षी एक गोष्ट अंगवळणी पडते. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंचा ताळा, जुळली म्हणजे वही बिनचूक, असं नसतं. नावे बाजूला एका खात्यात दोनशे जास्त पडले आणि जमा बाजूला भलत्याच खात्यात तेवढेच जास्त पडले, की दोन्ही बाजू छान जुळतात. चूक मात्र आत बसून राहते. ती शोधायला एकेक नोंद उघडावी लागते.

नैराश्याचं निदान झाल्यावर डॉक्टरांनी मला दर पंधरा दिवसांनी एक प्रश्नावली भरायला सांगितली. तेव्हा मी नेमकं हेच विसरले आणि फक्त बेरीज बघत राहिले. एका रविवारी ११ आले, पुढच्या खेपेलाही ११. मी वहीत लिहिलं, 'काही फरक नाही.' डॉक्टरांनी पान हातात घेतलं, बोट एकेका ओळीवरून खाली नेलं आणि विचारलं, "झोप तीनवरून एकवर आलीये, भूकही सुधारलीये. मग ही सहावी ओळ एकवरून तीनवर का गेली?"

सहावी ओळ म्हणजे आपण अपयशी आहोत, घरच्यांना खाली बघायला लावलं, असं वाटण्याची. वर्षअखेरीच्या कामात माझ्या हातून एक मोठी नोंद राहून गेली होती आणि दोन आठवडे मी स्वतःला त्यावरून बोल लावत होते. एकाग्रतेची ओळही एकवरून दोनवर गेली होती. दोन ओळी मिळून तीनने उतरल्या, दोन मिळून तीनने चढल्या आणि बेरीज जागची हलली नाही. गोळ्या आपलं काम करत होत्या. माझं दुखणं दुसऱ्या खात्यात सरकलं होतं आणि ते मी डॉक्टरांना सांगणारही नव्हते, कारण 'फरक नाही' असं मीच ठरवून बसले होते.

त्या दिवसापासून वही कशी ठेवते, ते इथे लिहिते आहे. स्वतःची नोंद ठेवायला सुरुवात करणाऱ्या कुणाच्याही ती उपयोगी पडावी.

आधी प्रश्नावली निवडा, आणि मग ती बदलू नका

मला दिलेली प्रश्नावली पीएचक्यू-९. कर्ट क्रोएन्के, रॉबर्ट स्पिट्झर आणि जॅनेट विल्यम्स यांनी ती २००१ मध्ये मांडली. नैराश्याच्या नऊ लक्षणांचे नऊ प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती वेळा झाला, एवढंच विचारलेलं असतं. अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ० ते २७ च्या मध्ये येते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र आणि २० पासून तीव्र, असे टप्पे आहेत. ती फुकट वापरता येते, परवानगी लागत नाही.

मुख्य त्रास काळजीचा, छातीतल्या धडधडीचा असेल तर त्याच घडणीची जीएडी-७ आहे. तिचीही मुदत दोन आठवड्यांचीच. सात प्रश्न, बेरीज ० ते २१, टप्पे ५, १० आणि १५. आजार नाही पण आपण कसे आहोत यावर नजर ठेवायची आहे, अशांना डब्ल्यूएचओ-५ बरी. तिच्याबद्दल शेवटी सांगते, कारण मलाही ती शेवटीच भेटली. बाळंतपणानंतरच्या उदासीसाठी एडिनबरा प्रश्नावली वेगळी आहे. ती गेल्या सात दिवसांबद्दल विचारते, ० ते ३० मोजते आणि त्या काळात तीच वापरावी. ताणाची पीएसएस-१० गेल्या महिन्याबद्दल विचारते. तिच्यातल्या चार प्रश्नांचे गुण उलटे मोजायचे असतात. ते उलटवायला विसरलात तर बेरीज सरळ चुकीची येते.

एक घ्या, फार तर दोन. चार-पाच प्रश्नावल्या एकदम भरणारी माणसं मी पाहिली आहेत. महिन्याभरात कंटाळून सगळ्याच सोडतात. एक मात्र पक्कं ठेवा: जी भाषा घ्याल ती शेवटपर्यंत. मधेच इंग्रजीतून मराठीत आलात, किंवा स्वतःच भाषांतर केलंत, तर मागच्या आणि पुढच्या आकड्यांची तुलना उरत नाही. 'डाउन' या शब्दाला मी मनात 'दमलेली' म्हणत होते. प्रश्न उदासपणाचा होता.

आणि ही निदानाची जागा घेणारी गोष्ट नाही. थकवा, झोप, भूक आणि मन न लागणं हे थायरॉइड बिघडला किंवा रक्त कमी झालं तरी होतं. आकडा वाढलेला दिसला म्हणजे नैराश्यच आहे असं घरी बसून ठरवू नये. तपासून घ्यावं.

नवव्या ओळीबद्दल, बाकी सगळ्याच्या आधी

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरून गेलेलं बरं असं वाटण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. ही ओळ बेरजेत मिसळून वाचायची नसते. बाकी आठ ओळींत शून्य असो की तीन, नवव्या ओळीत १ जरी आला तरी त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायचं. डॉक्टर, समुपदेशक किंवा घरातलं विश्वासाचं माणूस. विचार ठाम असतील, कसं करायचं हे मनात येत असेल, तर आपत्कालीन सेवेला किंवा हेल्पलाइनला लगेच फोन करायचा आणि तोवर एकटं राहायचं नाही.

मी पहिल्या खेपेला तिथे ० लिहिला होता. तो खरा नव्हता. कागदावर उमटलं तर खरं होईल, अशी भीती होती. दुसऱ्या दिवशी ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मग खोड ते आणि नीट लिही. मी येते संध्याकाळी." ती आली आणि तिच्यासमोर मी शून्य खोडून १ लिहिला. आकडा लिहिल्याने विचार वाढला नाही. दोघींच्या मध्ये टेबलावर आला, एवढंच झालं. तुमच्या वहीत त्या ओळीत खोटा शून्य असेल तर आज खोडा, आणि आजच कुणाला तरी सांगा.

पहिल्या पानाच्या आधीचं पान

प्रश्नावली भरायला सुरुवात करण्याआधी एक पान वेगळं ठेवा आणि प्रत्येक ओळीचा तुमच्यापुरता अर्थ त्यावर लिहा. हे कुठल्या सूचनांत सापडत नाही, पण माझ्या अनुभवात याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही.

उदाहरण सातव्या ओळीचं देते. एकाग्रतेच्या या प्रश्नात वर्तमानपत्र वाचणं, टीव्ही बघणं अशी उदाहरणं दिलेली आहेत. मी वर्तमानपत्र वाचत नाही, टीव्हीही फारसा बघत नाही. म्हणून सुरुवातीला मी तिथे सरळ ० लिहायची. कामावर मात्र एकच व्हाउचर तीनदा वाचत होते. रक्कम डोळ्यांसमोरून जायची आणि हात वहीकडे जाईपर्यंत डोक्यातून गेलेली असायची. आता माझ्या त्या पानावर लिहिलंय: 'ओळ ७ - व्हाउचर दुसऱ्यांदा वाचावं लागलं का?' तुमचं काही वेगळं असेल. स्वयंपाकात मीठ घातलं की नाही ते आठवत नसेल, पोराचा अभ्यास घेताना एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला जात असेल. एकदा ठरवा आणि दर वेळी तेच विचारा.

तिसरी, पाचवी आणि आठवी ओळ दुतोंडी आहे. झोप न लागणं आणि फार झोपणं एकाच प्रश्नात आहे. भूक नसणं आणि खातच सुटणं, हालचाल मंदावणं आणि एका जागी बसवत नसणं, यांचंही तसंच. आकडा दोन्हींकडे सारखाच पडतो. म्हणून मी आकड्याशेजारी एक बाण काढते, वर किंवा खाली. मध्ये एकदा माझ्या झोपेच्या ओळीत सलग २ येत होते. बाण बघितल्यावर कळलं, की आधी रात्री तीनला जाग यायची ते बंद होऊन आता दुपारपर्यंत डोळे उघडत नव्हते. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली ती या बाणामुळे. आकडा तर तोच होता.

'काही दिवस' म्हणजे किती, यावरही बरेच जण अडतात. चौदा दिवसांत आठ किंवा जास्त दिवस त्रास झाला तर 'निम्म्याहून जास्त', हे गणित डोळ्यांसमोर ठेवा. सात दिवसांपर्यंत 'काही दिवस'. मी काही काळ कॅलेंडरवर रोज ठिपके काढून ते मोजायची. पण तसं करू नका, असंच सांगेन. रोज रात्री 'आज वाईट होता का?' असं विचारलं की दिवस वाईट होता असंच वाटायला लागतं. ही प्रश्नावली आठवून भरण्यासाठीच केलेली आहे. आठवून भरा, पाच मिनिटांत संपवा.

वेळ आणि जागा

दिवस ठरवा, वेळ ठरवा, बसायची जागाही शक्यतो तीच ठेवा. माझं ठरलंय: एकाआड एक रविवार, सकाळी आठ, चहा झाल्यावर. आत्ता मन जसं असतं तशाच आठवणी ते पुढे करतं. भांडण झाल्यावर तासाभरात भरायला बसलात तर मागचे दोन्ही आठवडे काळे दिसतात. मी हे एकदा करून बघितलं, मुद्दाम नव्हे. रात्री वादावादीनंतर भरली तेव्हा १४ आले. सकाळी मागचं पान न बघता पुन्हा भरली तर ९. तेव्हापासून रात्री वही उघडत नाही. ठरलेल्या सकाळीच काही घडलं तर एक दिवस पुढे ढकलते आणि तसं लिहून ठेवते.

मागचे आकडे झाकून भरा. नवीन पानावर भरायचं आणि नंतर तक्त्यात उतरवायचं. मागचा आकडा दिसला की हात त्याच्या जवळपास घुटमळतो.

मुदतीपेक्षा लवकर भरू नका. दोन आठवड्यांची प्रश्नावली दर आठवड्याला भरलीत, तर निम्मे दिवस दोनदा मोजले जातात आणि बदल पुसट होतो. बरं वाटतंय का ते बघायला मधेच भरावीशी वाटते, हे मला ठाऊक आहे. त्या वेळी वही कपाटातच राहू द्या.

तक्ता साधा असावा. आडव्या रांगेत तारखा, उभ्या रांगेत नऊ ओळी, खाली बेरीज. त्याखाली दहावा प्रश्न, म्हणजे या त्रासामुळे काम, घर आणि माणसांशी वागणं किती अवघड झालं. तो बेरजेत धरत नाहीत, म्हणून पुष्कळ लोक सोडून देतात. मी सोडत नाही. बेरीज ८ असताना अंघोळीला उठवत नसेल तर ते ८ हलके नाहीत.

सगळ्यात खाली तीन ओळींची जागा ठेवा आणि तिथे फक्त घडलेलं लिहा: गोळीचा डोस, ताप-सर्दी, पाहुणे, कामाचा ताण, प्रवास. 'मी कमजोर आहे म्हणून' असलं काही नको. कारणं शोधणं हे नंतरचं काम आहे, आणि ते एकटीने करायचं कामही नाही.

आकडे वाचताना

पीएचक्यू-९ मध्ये ५ गुणांचा फरक हा खरा फरक मानतात. दोन-तीन गुण इकडेतिकडे होतच असतात. ९ वरून ११ झाले म्हणून घाबरू नका आणि ११ वरून ९ झाले म्हणून गोळ्या बंद करायचा विचार करू नका. माझा नियम असा: एकदाच उसळी आली तर शांत राहून पुढच्या रविवारची वाट बघायची. सलग दोनदा वर राहिले तर डॉक्टरांची वेळ घ्यायची. याला दोन अपवाद, नववी ओळ आणि दहावा प्रश्न. तिथे वाट बघायची नाही.

एक वेडंवाकडं प्रकरण सांगते, कारण ते बऱ्याच बायकांच्या कामाला येईल. चौथ्या ते सहाव्या महिन्यात माझी बेरीज अशी येत होती: ७, ११, ६, ११, ७, १०. करवतीचे दातच जणू. एकदा वाटायचं औषध लागू पडलं, पंधरा दिवसांनी वाटायचं सगळं पाण्यात गेलं. प्रत्येक चढावर मी रडले आहे. मग एक दिवस खालच्या तीन ओळींत पाळीच्या तारखा दिसल्या. माझं चक्र साधारण अठ्ठावीस दिवसांचं आहे. चौदा-चौदा दिवसांनी भरत होते म्हणून एका खेपेला पाळीनंतरचे दोन आठवडे यायचे आणि दुसऱ्या खेपेला पाळीआधीचे. दोन वेगळी खाती मी एकाच रकान्यात मांडत होते. आता ७ ची तुलना ६ शी आणि ११ ची ११ शी करते. पाळीआधीचा चढ स्वतंत्रपणे डॉक्टरांना सांगितला, त्यावर स्वतंत्र विचारही झाला.

बेरीज ४ वर आली तेव्हा मी स्वतःहून गोळ्या थांबवल्या होत्या, हेही लिहायला हवं. कुणाला विचारलं नाही. आकडाच सांगत होता ना की मी बरी आहे! पण तो ४ गोळ्यांसकटचा होता. दीड महिन्यात १३ झाले. लक्षणं गेल्यावरही औषध सहसा निदान सहा महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात, ते याचसाठी. वहीच्या जोरावर डोस ठरवू नका. वही डॉक्टरांपुढे ठेवा.

ठेवताना अख्खी वही देऊ नका, त्यांच्याकडे वेळ थोडा असतो. शेवटच्या सहा खेपांचा तक्ता एका पानावर उतरवा, ज्या ओळी सर्वांत जास्त हलल्या त्यांवर खूण करा आणि एक प्रश्न लिहून न्या. 'झोप सुधारली पण सहावी ओळ चढतेय, काय करू?' एवढंसुद्धा पुरतं. समोर मोठे आकडे दाखवायची लाज वाटते म्हणून कमी करून लिहिण्याचा मोह मलाही झाला आहे. म्हणून तपासणीच्या दिवशी दवाखान्याबाहेर बसून भरायची नाही, घरीच रविवारी भरून न्यायची.

वर्षातून दोन-तीनदा जवळच्या माणसालाही विचारा. तिसऱ्या महिन्यात माझा तक्ता जेमतेम हलला होता, तेव्हा ताई फोनवर म्हणाली, "तू आत्ता हसलीस. कितीतरी दिवसांनी ऐकलं." मला कळलंही नव्हतं. मी ते तारखेसकट लिहून ठेवलं. पुढच्या दोन खेपांत पहिली ओळ, कशात रस न वाटण्याची, दोनवरून एकवर आली.

बरं वाटायला लागल्यावर

बरे झालात की पीएचक्यू-९ गप्प होते. बेरीज १, २, २, १ अशी तळाशी रेंगाळते. त्रास नाही एवढं ती सांगते, बरं किती आहे ते सांगत नाही. इथे मी डब्ल्यूएचओ-५ कडे वळले. जागतिक आरोग्य संघटनेची ही १९९८ ची पाच वाक्यं आहेत: आनंदी वाटलं, शांत आणि निवांत वाटलं, अंगात उत्साह होता, उठल्यावर ताजंतवानं वाटलं, रोजच्या दिवसात मनाला आवडणाऱ्या गोष्टी होत्या. हीसुद्धा गेल्या दोन आठवड्यांचीच. प्रत्येकाला ० ते ५, बेरजेला ४ ने गुणायचं, म्हणजे ० ते १००. इथे आकडा जितका मोठा तितकं चांगलं. पीएचक्यूच्या उलट आहे, म्हणून वहीत वेगळं पान करा आणि वर ठळक लिहा, नाहीतर चढ बघून घाबराल. ५० किंवा खाली आलं तर पुन्हा पीएचक्यू-९ भरायची आणि डॉक्टरांशी बोलायचं. बदल १० गुणांचा असेल तर तो दखल घेण्याजोगा.

प्रश्नावली बदलताना दोन्ही सोबत तीन-चार वेळा भरा, म्हणजे जुनी वही नव्या वहीला जोडली जाते. मी चार वेळा भरल्या, मग पीएचक्यू महिन्यातून एकदाच ठेवली. नववी ओळ मात्र त्यातही सगळ्यात आधी बघते.

गेल्या रविवारी डब्ल्यूएचओ-५ ला ६४ आले. चौथं वाक्य, उठल्यावर ताजंतवानं वाटण्याचं, अजून २ वरच अडलंय, बाकी सगळी ३ किंवा त्याच्या पुढे गेली आहेत. त्याच्याशेजारी पेन्सिलने गोल केलाय. पुढच्या तपासणीला विचारायचा प्रश्न तोच आहे.